एका विद्यापीठाचे दोन कोड

"आठवाले शेवटी ठेव. वेळ उरला तर बघू."

हे मला सांगितलेलं नव्हतं. नोकरभरती बघणाऱ्या पर्सोनेल खात्याचे साहेब पलीकडे आपल्या कारकुनाशी बोलत होते. आमच्या कंपनीत कॉम्प्युटर रूम आणि पर्सोनेल यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती. ती वरून फूटभर उघडी ठेवली होती, कारण एसी एकच होता आणि तो दोन्हीकडे पुरवायचा होता. हवा तिकडे जायची आणि तिकडचं बोलणं इकडे यायचं.

"वेळ कुठं उरतोय साहेब," कारकून म्हणाला. "मागल्या खेपेला तरी कुठं उरला?"

"मग झालं तर."

दोघंही हसले. मोठ्यानं नाही, रोजचं काम करताना माणसं हसतात तेवढंच.

मी तेव्हा हिरव्या पेननं प्रोजेक्टरवर ठेवायच्या ट्रान्सपरन्सीवर एक चौकोन काढत होते. दहा दिवसांनी शहरातल्या कारखानदारांची परिषद होती आणि तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझी दोन भाषणं छापलेली होती. सकाळचं डेटाबेसवर आणि जेवणानंतरचं नोकरभरतीत कॉम्प्युटरचा उपयोग या विषयावर. दुसऱ्या भाषणाच्या पहिल्या चौकोनात मला इंग्रजीत लिहायचं होतं की मशीनला उमेदवाराचा चेहरा दिसत नाही.

'आठ' हा कोड मी तयार केला होता.

वाळूजला तेव्हा दर महिन्याला एखादी नवी शेड उभी राहायची. आमची कंपनी दुचाकींचे सुटे भाग बनवायची आणि शेजारीच तिचा दुसरा प्लँट उभा राहत होता. गेटवर अर्जांचे गठ्ठे येऊन पडायचे. सिल्लोड, पैठण, गंगापूर, कुठून कुठून. आधी हे अर्ज पर्सोनेलच्या कपाटांवर आणि कपाटं भरली की खाली फरशीवर ठेवलेले असायचे. मी नुकतीच लागले होते. अर्जांची माहिती कॉम्प्युटरवर घ्यायचा प्रोग्रॅम लिहिणं हे माझं पहिलं मोठं काम.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी बोलायचे, छापील वाचायचे, पण हाताने लिहिलेलं मराठी मला अडखळत वाचावं लागे. म्हणून अर्ज वाचून दाखवायला आणि मशीनवर घ्यायला एक टायपिस्ट दिली होती. ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, बी.ए. झालेली. दोन वर्षं हंगामी म्हणून काम करत होती. विद्यापीठामागच्या वस्तीत राहायची, तिची मुलगी बालवाडीत होती. माझ्या समोर बसून ती एकेक अर्ज वाचायची. नाव, गाव, शिक्षण, विद्यापीठ. तिची बोटं कीबोर्डवर इतकी भरभर पडत की मला पुढचा कोड शोधायला वेळ मिळायचा नाही.

"मॅडम, तुम्ही बी.एस्सी. शोधता तोवर माझं चहा पिऊन होतं," ती म्हणायची.

पहिल्याच दिवशी विद्यापीठाच्या रकान्यापाशी आम्ही अडलो. पुण्याचं, नागपूरचं, मुंबईचं, सगळ्यांना मी एकेक आकडा दिला होता. आपल्या गावच्या विद्यापीठाला सात. पण निम्म्या अर्जांवर विद्यापीठाचं जुनं नाव होतं आणि बऱ्याचशा अर्जांवर नवं. नवं म्हणजे सरकारनं अजून न दिलेलं. त्या नावासाठी कित्येक वर्षं मोर्चे निघत होते, लाठ्या पडत होत्या, माणसं जेलमध्ये जात होती. अर्ज लिहिणाऱ्यांनी ते आपल्यापुरतं देऊन टाकलं होतं. स्वच्छ अक्षरात, पूर्ण.

"याला काय टाकू?" तिनं विचारलं.

मला उत्तर ठाऊक होतं. आठवडाभरापूर्वीच मी स्टोअरच्या यादीत पत्र्याचा एक सप्लायर तीन वेगवेगळ्या नावांनी सापडल्यावर तिन्ही नावांना एकच कोड दिला होता. वस्तू एक असेल तर कोड एक, हे आम्हाला कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. सकाळच्या भाषणातही मी तेच सांगणार होते, सप्लायरचं उदाहरण देऊन.

पण एकच कोड द्यायचा तर त्यापुढे एकच नाव लिहावं लागणार. यादी छापली की ते नाव कागदावर येणार. कुठलं लिहू? जुनं लिहिलं तर समोर ही बसलेली. नवं लिहिलं तर पलीकडे साहेब. मला दोघांपैकी कुणालाच तोंड द्यायचं नव्हतं.

"दोन्ही ठेवू," मी म्हणाले. "जुनं सात. नवं आठ."

तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "विद्यापीठ एकच हाय की, मॅडम."

"हो. पण ज्यानं जे लिहिलंय ते तसंच राहू दे."

त्या वेळी हे वाक्य मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. तिनं मान हलवली आणि आठ दाबलं.

आमच्या घरात नामांतर हा शब्द आवाज उतरवून बोलला जायचा. बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि गावाकडे आमची जमीन होती. काका गावाहून आले की आई आम्हा मुलींना आतल्या खोलीत पाठवायची. मी लहान असताना एका वर्षी गावाकडे काहीतरी झालं होतं. काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शहर बंद असलं की शाळेला सुट्टी मिळायची आणि आम्ही मैत्रिणी खूश व्हायचो. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. शहरात वाढलेल्या कुणालाच तसं म्हणता येणार नाही.

कोड तयार झाल्यावर महिन्याभरानं साहेब कॉम्प्युटर रूममध्ये आले. आमच्याकडे चपला-बूट बाहेर काढून यावं लागे, मशीनला धूळ लागू नये म्हणून. त्यामुळे सगळे मोठे अधिकारी माझ्यासमोर मोज्यांत उभे राहायचे. साहेबांच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"यादी विद्यापीठावर लावून देता येईल का? कोडच्या क्रमानं?"

"येईल सर."

"आणि आठ शेवटी. नऊ, दहा, अकराच्याही नंतर."

त्यांनी कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवावी लागली. पाच मिनिटं लागली असतील. फॉर्मवर जातीचा रकाना नव्हता, कधीच नव्हता. आता त्याची गरजच राहिली नव्हती. यादीतल्या वरच्या लोकांना मुलाखतीची पत्रं जायची आणि जागा भरल्या की यादी फाइलला लागायची. शेवटची पानं तशीच कोरी, एकही खूण नसलेली. पहिल्या भरतीनंतर मी ती पानं पाहिली. दुसऱ्या भरतीनंतरही पाहिली. एकदा टायपिस्टच कागद नीट लावताना म्हणाली होती, "आमच्या आठवाल्यांची पानं लई स्वच्छ राहतात, मॅडम." मी प्रिंटरची रिबन बदलायला उठले होते.

त्यामुळे पार्टिशनपलीकडचं ते बोलणं ऐकून मला नवीन काही कळलं, असं नाही. फक्त ते कुणीतरी तोंडानं बोललं होतं. हातातल्या पेनचा डाग बोटावर पडला होता आणि मी तो ओढणीला पुसला.

परिषदेसाठी माझी निवड साहेबांनीच केली होती. "कॉन्व्हेंटची पोरगी आहे, इंग्लिश फाडफाड बोलेल," असं त्यांनी पुण्याच्या हेड ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना सांगितलं. खरं तर मी कुठल्याच भाषेत फाडफाड बोलत नव्हते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलींपैकी मी एक. पण पत्रिकेवर 'कुमारी' लावून माझं नाव छापून आलं आणि बाबांनी ती पत्रिका टीव्हीच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

भाषणासाठी साडी हवी होती. माझ्याकडे एकही धड नव्हती. टायपिस्ट म्हणाली, चला, मी येते. शनिवारी हाफ डे होता. कंपनीच्या बसनं क्रांती चौकात उतरून आम्ही रिक्षानं गुलमंडीला गेलो.

दुकानदारानं पन्नासेक साड्या उलगडल्या. मी करड्या रंगाच्या एकीवर हात ठेवला.

"ती नगं," टायपिस्ट म्हणाली. "ती नेसून तुम्ही भिंतीत जाल. मोरपंखी घ्या."

"भडक नाही वाटत?"

"स्टेजवर माणूस लांबून दिसला पाहिजे का नाय?"

"ले लो बाजी," दुकानदार म्हणाला, "रंग नै जाता. जिम्मा मेरा."

"तुमचा जिम्मा दुकानाच्या पायरीपर्यंत," ती त्याला म्हणाली आणि तिनं साडीचा काठ थुंकी लावून चोळून पाहिला. दुकानदार हसत सुटला. मला वाटलं, भाषणं हिनं करायला हवीत.

बाहेर उसाचा रस पिताना ती म्हणाली, "मी पण फॉर्म भरलाय. ऑपरेटरची पर्मनंट जागा निघालीय ना. दोन वर्षं झाली. आता पोरगी शाळेत जाईल. पर्मनंट झालं तर बरं होईल."

"कुठलं..." मी म्हणाले आणि थांबले.

"काय कुठलं?"

"काही नाही. कुठल्या दिवशी भरलात?"

"परवा," ती म्हणाली. माझ्याकडे बघत होती. मी ग्लासातला बर्फ हलवत राहिले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन खाली गेल्यावर मी तिचा अर्ज मशीनवर उघडला. विद्यापीठ, आठ. तिनं स्वतःच टाकलेला. त्या रकान्यात आठ टाकला की काय होतं हे माझ्याइतकंच माहीत असलेली कंपनीतली ती एकटीच बाई होती, आणि तिनं आठ टाकला होता. मी कर्सर तिथे नेला, आठ पुसून सात केला आणि सेव्ह केलं.

मग मी जेवायला गेले. त्या दिवशी मला खूप दिवसांनी नीट भूक लागली होती. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज मला त्या भुकेची वाटते. मला वाटत होतं, मी काहीतरी केलं. तिच्यासाठी धोका पत्करला. हिला बोलावतील, हिला जागा मिळेल, कुणाला काही कळणार नाही आणि कुणाला काही बोलावंही लागणार नाही.

गुरुवारी दुपारी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. एरवी ती खुर्ची ओढून बसायची.

"मॅडम, माझ्या फॉर्मवर काय लिहिलंय?"

मी समोरचे कागद सारखे केले.

"वाचता येत नसंल तर मी वाचून दाखवते. रोज दाखवतेच की."

"तुम्हाला बोलावणं यावं म्हणून..." माझा आवाज इतका लहान निघाला की ती थोडी वाकली. मी पार्टिशनकडे पाहिलं. पलीकडे पंखा फिरत होता.

"मग सगळ्यांचं बदला," ती म्हणाली. तिनंही आवाज खालीच ठेवला होता. "दीडशेच्या वर हायेत. माझं एकटीचं कशाला?"

"सगळ्यांचं केलं तर साहेबांच्या लक्षात येईल."

"व्हय. म्हणजे साहेबांच्या लक्षात येणार नाय एवढीच माया."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती मला एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तशी बोलत होती, जशी ती मला अक्षर लावून द्यायची.

"माझा बाप त्या नावापायी तीनदा जेलात जाऊन आला. हात मोडला त्याचा, अजून सरळ होत नाय. आन् मी फॉर्मवर दुसरं लिहू? मला बोलावलं असतं, मी तिथं खुर्चीत बसले असते, आन् साहेबांनी विचारलं असतं कुठल्या विद्यापीठाच्या, तर काय सांगितलं असतं मी?"

"मी फक्त..."

"मला माहितीय तुम्ही वाईट नाय," ती म्हणाली. "मी परत आठ केलंय. तुम्हाला न विचारता. तुम्ही बी विचारलं नव्हतं."

ती जागेवर जाऊन बसली आणि कीबोर्ड पुन्हा वाजायला लागला. संध्याकाळी बसमध्ये ती नेहमीसारखी माझ्या शेजारी बसली, मुलीच्या सर्दीबद्दल बोलली. क्रांती चौकात उतरताना म्हणाली, "साडीला फॉल लावून घ्या, विसराल." मला वाटतं मी त्यानंतर दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. आईला वाटलं भाषणाची धास्ती घेतलीय. तिनं मला दुधात हळद दिली.

मी स्वतःला सांगत राहिले की परिषदेत काहीतरी मोघम बोलता येईल. एखादं वाक्य घालता येईल, डेटाबेस जपून वापरावा वगैरे. मी तसं वाक्य लिहिलंही, इंग्रजीत, आणि ते इतकं गुळगुळीत झालं की कुणालाही टोचलं नसतं. पार्टिशनपलीकडच्या दोघांनीही टाळ्या वाजवल्या असत्या.

परिषदेच्या दोन दिवस आधी मोठे साहेब पुण्याहून आले आणि म्हणाले, दोन्ही भाषणं मला आधी ऐकू द्या. कॉम्प्युटर रूममध्ये तीन खुर्च्या मांडल्या. दाराशी बुटांचे जोड, आत मोज्यांतली माणसं. मोठे साहेब, पर्सोनेलचे साहेब आणि मागे कारकून. मी मोरपंखी साडी नेसून आले होते, कारण साहेब म्हणाले रंगीत तालीम म्हणजे रंगीत तालीम. मशीनपाशी टायपिस्ट. मी बोलायचं आणि तिनं कळा दाबायच्या असं ठरलं होतं.

पहिलं भाषण झालं. पत्र्याच्या सप्लायरचं उदाहरण मोठ्या साहेबांना फार आवडलं. "वस्तू एक, कोड एक. छान. हे सगळ्यांना कळेल," ते म्हणाले. मला घाम फुटला होता. एसी चालू होता.

दुसरं सुरू केलं. मशीनला चेहरा दिसत नाही, हे वाक्य मी कागदावरून वाचलं, वर न बघता.

"नुसतं सांगू नका, दाखवा," पर्सोनेलचे साहेब म्हणाले. "आत्ताचीच यादी काढा. ऑपरेटरची. लाइव्ह."

टायपिस्टनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं कळ दाबली आणि हिरव्या अक्षरांतली नावं पडद्यावर वर सरकायला लागली. नाव, टायपिंगचा वेग, विद्यापीठाचा कोड. यादी संपली तेव्हा पडद्यावर शेवटची वीसेक नावं राहिली. सगळ्यांत शेवटी तिचं होतं.

मोठे साहेब पुढे झुकले. चष्मा कपाळावर घेऊन त्यांनी ते नाव वाचलं.

"हे... तुम्हीच ना?"

"हो सर," ती म्हणाली.

"वेग तर सगळ्यांत जास्त दिसतो. मग नंबर शेवटचा कसा?"

मग पर्सोनेलचे साहेब हसले. "काहीतरी टेक्निकल असणार, सर. सॉफ्टवेअर नवीन आहे. चूक झाली असेल, मॅडम करतील दुरुस्त." आणि माझ्याकडे वळून अगदी प्रेमानं म्हणाले, "हो ना, बेटा? टेक्निकलच आहे ना?"

नुसतं 'हो सर' म्हटलं की संपत होतं. ती चूक माझी ठरली असती, छोटी, नवशिक्या मुलीची, आणि सगळ्यांनी ती माफ केली असती. यादी दुरुस्त झाली असती, तिचं नाव वर गेलं असतं, बाकीची दीडशे तिथेच राहिली असती. टायपिस्ट माझ्याकडे बघत नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ती पडद्याकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचंतरी नाव वाचावं तशी.

भाषण इंग्रजीत चालू होतं. मी मराठीत बोलले. माझा आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. मोठे साहेब म्हणाले, "काय म्हणालात?" आणि मला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.

"टेक्निकल नाही, सर. सात आणि आठ एकच विद्यापीठ आहे. नवं नाव लिहिणाऱ्यांना बोलवायचं नसतं, म्हणून आठ शेवटी जातात. साहेबांनी सांगितलं आणि मी तसं लावून दिलं. आठ म्हणजे कोण, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."